माद्रिदचे रेबाखास आणि सवलतीच्या पाट्या

स्पेनमध्ये ६ जानेवारीला तीन राजांच्या सणानिमित्त भेटवस्तू दिल्या-घेतल्या जातात आणि दुसऱ्या दिवसापासून हिवाळी सवलतविक्री, म्हणजेच 'रेबाखास', सुरू होण्याची जुनी रीत आहे. २०१२ पासून तारखा ठरवण्याची मुभा दुकानदारांना मिळाल्यामुळे काही काचांवर फलक आधीच झळकत होते. तरीही माद्रिदच्या मध्यवर्ती चौकाजवळच्या, म्हणजे पुएर्ता देल सोलजवळच्या, प्रेथियादोस रस्त्यावर खरी झुंबड उडाली ती ७ तारखेलाच.

स्पॅनिश येत नसले तरी चालते, पण पाट्या वाचता आल्या पाहिजेत. चिठ्ठीवर 'आन्तेस' (पूर्वी) आणि 'आओरा' (आता) अशा दोन किमती असतात. २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार त्यातली पूर्वीची किंमत ही सवलतीआधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत असावी लागते. 'आस्ता ५०%' या फलकातील 'आस्ता' म्हणजे 'पर्यंत', त्यामुळे निम्म्या किमतीत मिळणारे कपडे बहुधा थोडेच असतात. 'नुएबा कोलेक्थिओन' अशी पाटी असलेल्या नव्या मालावर सहसा सवलत नसते, आणि तो सवलतीच्या मालाला अगदी खेटून मांडलेला असल्याने शंका आली तर 'एस्ता रेबाखादो?' (यावर सवलत आहे का?) असे सरळ विचारावे. 'सेगुन्दा उनिदाद आल ५०%' म्हणजे दुसरा नग अर्ध्या किमतीत, अर्थात प्रत्यक्षात दोन्ही मिळून पाव सवलत. 'लिकिदाथिओन' हा दुकान बंद होताना किंवा माल संपवताना लागणारा फलक. 'साल्दोस' मात्र जुना किंवा खोट असलेला माल असतो, तो नीट पारखून घ्यावा.

जानेवारी सरत आला की 'सेगुन्दास रेबाखास' (सवलतीची दुसरी फेरी) येतात. किंमत आणखी उतरते, पण नेहमीची मापे संपलेली असतात; माझ्या मते कोट आणि बूट पहिल्या आठवड्यातच घ्यावेत, मफलर-हातमोज्यांसाठी थांबायला हरकत नाही.

दुकानांत घासाघीस चालत नाही. ती हौस रविवारी सकाळी एल रास्त्रोच्या बाजारात भागवावी. तिथे जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याला 'मे आथे उन देस्कुएन्तो?' (सवलत द्याल का?) किंवा 'मे लो देखा एन बेइन्ते?' (वीसला द्याल का?) असे विचारणे कुणालाही वावगे वाटत नाही, शिवाय आपण मराठी माणसे या बाबतीत मुळीच कच्ची नाही.

निर्दोष वस्तू परत घेण्याचे बंधन दुकानावर कायद्याने नसते, म्हणून परतीच्या अटी पैसे देण्यापूर्वीच विचाराव्यात आणि पावती जपावी. किमतींत कर धरलेला असतो व कपड्यांवर तो २१ टक्के आहे. युरोपीय संघाबाहेरील रहिवाशांना त्याचा बराचसा भाग परत मिळतो. त्यासाठी दुकानात पासपोर्ट दाखवून करपरतीचा अर्ज घ्यावा आणि विमानतळावर सामान जमा करण्यापूर्वी 'दिवा' नावाच्या यंत्रावर त्याची नोंद करावी, कारण वस्तू दाखवायला सांगितले जाऊ शकते.