जागेवर राहणारी शिल्पे

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या मी लहानपणापासून चढत आलो आहे आणि दर वेळी तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यापुढे थांबतो. तेथे ओसरीचा भार खांद्यांवर पेलणारे सहा यक्ष कोरलेले आहेत. शाळेच्या सहलीत ते मला गमतीदार वाटले होते. चाळिशीनंतर त्यांच्या खांद्यांवरचे ओझे दिसू लागले. ते डोंगराचाच भाग असल्यामुळे जागचे हलले नाहीत, म्हणूनच माझ्या नजरेतला हा बदल मला कळला.

समकालीन कलेच्या संग्रहालयांत गेल्यावर मला हे यक्ष आठवतात. तेथे काही शिल्पे कायमची मांडलेली असतात, तर बाकीची आलटून-पालटून दालनात येतात. या अदलाबदलीमागे केवळ जागेची टंचाई नाही. दगड आणि कांस्य प्रकाशाला दाद देत नाहीत. पण आजचे शिल्पकार कापड, कागद, रंगवलेले लाकूडही वापरतात, आणि त्यांना काही काळ अंधारात विश्रांती द्यावीच लागते.

स्पेनमधील बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयात रिचर्ड सेरा यांचा ‘द मॅटर ऑफ टाइम’ हा शिल्पसमूह 2005 पासून एकाच दालनात उभा आहे. गंजाचा थर चढू दिलेल्या पोलादाच्या या अजस्र वळणदार भिंतींमधून प्रेक्षकाने चालायचे असते, त्यामुळे त्या शिल्पाला दालनापासून वेगळे काढणे मला कल्पनेतही जमत नाही. त्याच संग्रहालयाच्या दाराशी जेफ कून्स यांचा 12 मीटरहून उंच ‘पपी’ हा कुत्र्याच्या पिल्लाचा पुतळा आहे. त्याचे अंग जिवंत फुलझाडांचे असून ती सुमारे 38,000 रोपे वर्षातून दोनदा बदलली जातात. आकार कायम आणि कांती ऋतूप्रमाणे नवी, ही जोड मला फार मोलाची वाटते.

एका संग्रहालयात पाहिलेले छोटे लाकडी शिल्प दोन वर्षांनी मुलीला दाखवायला मी मुद्दाम पुन्हा गेलो, तेव्हा त्या चौथऱ्यावर दुसरेच काही होते. शिल्प भांडारात आहे, एवढेच उत्तर मिळाले. त्याला विश्रांती हवी, हे मला मान्य आहे. परंतु हलवलेल्या शिल्पाचे लहानसे छायाचित्र आणि ते पुन्हा केव्हा मांडले जाईल याचा अंदाज, एवढी पाटी तेथे असती, तर मुलीला मी परत येण्याचा महिना सांगू शकलो असतो.