वॉर फाईल सर्व्हरवर टाकायच्या आधी एकदा उघडून बघा

जावाचं वेब ॲप सर्व्हरवर चढवायचं म्हणजे मेव्हन या बिल्ड करणाऱ्या टूलला क्लीन पॅकेज सांगायचं, टार्गेट फोल्डरमधली वॉर फाईल (सगळं ॲप एकत्र बांधलेली फाईल) उचलायची आणि टॉमकॅट या जावा ॲप चालवणाऱ्या सर्व्हरच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये नेऊन ठेवायची, झालं काम, असं नवीन आलेल्या जवळपास प्रत्येकाला वाटतं. आणि बऱ्याचदा होतंही काम. पण त्या फाईलच्या पोटात नक्की काय चाललंय हे उघडून बघणारे फार कमी भेटतात, आणि मला मनापासून वाटतं की ही सवय लागली तर रात्रीअपरात्री येणारे बरेच फोन येणारच नाहीत.

वॉर म्हणजे साधी झिप फाईल. १९९९ च्या सर्व्हलेट (ब्राउझरच्या विनंत्यांना उत्तर देणारा जावाचा कोड) २.२ पासून हा प्रकार चालत आलाय, कुठल्याही अनझिपने उघडते. आत वेब-इन्फ फोल्डर असतं, त्यात क्लासेसमध्ये तुमचा कंपाईल झालेला कोड आणि लिबमध्ये लागणाऱ्या सगळ्या जार, म्हणजे लायब्ररींच्या फाईली. वेब-इन्फ आणि मेटा-इन्फ यांच्या आतलं टॉमकॅट ब्राउझरला थेट देत नाही, पण बाकी सगळं देतो, म्हणजे कुणी डेटाबेसचा डंप किंवा ग्राहकांची एक्सेल टेस्टिंगसाठी म्हणून वेबॲपच्या फोल्डरमध्ये ठेवली असेल तर तीही गुपचूप पॅक होते आणि ज्याला पत्ता माहीत आहे तो ती डाउनलोड करू शकतो. एवढं एकच कारण मला तरी पुरेसं आहे.

लिब बघताना सर्व्हलेट एपीआयची जार दिसली तर समजा पॉममध्ये (मेव्हनची सेटिंग फाईल) स्कोप प्रोव्हायडेड, म्हणजे ‘ही जार सर्व्हर देईल’ असा, करायचा राहिलाय, कारण ती टॉमकॅटकडे स्वतःची असते. लॉगिंगच्या दोन वेगवेगळ्या जार आल्यात का तेही बघून घ्या, दुसऱ्या कुठल्यातरी लायब्ररीच्या मागून त्या येतात आणि मग लॉग भलतीकडेच जातो.

आता जाव्हॅक्स आणि जकार्ता, म्हणजे सर्व्हलेट वगैरेंच्या पॅकेजचं जुनं आणि नवीन नाव. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई (सर्व्हलेट ज्यात येतं तो जावाचा सर्व्हरवरचा भाग) एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं जाहीर केलं, पण जाव्हॅक्स हे नाव वापरून पुढचे बदल करायची परवानगी मिळाली नाही, म्हणून २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजची नावंच बदलली. टॉमकॅट ९ जुन्या नावांवर चालतो, १० पासून नवीन नावं. जुनी वॉर टॉमकॅट १० वर टाकली की काही वेळा क्लास सापडत नाही अशी एरर येते, ते बरं, निदान कळतं तरी. पण ॲनोटेशनवाले (कोडमध्येच खूण लावून नोंदवलेले) सर्व्हलेट असतील किंवा स्प्रिंग बूट २ या फ्रेमवर्कची वॉर असेल तर टॉमकॅटला त्यातलं काही ओळखताच येत नाही, लॉगमध्ये सगळं सुरळीत सुरू झाल्यासारखं दिसतं आणि प्रत्येक पानावर ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. माणूस मग यूआरएल तपासत बसतो, पुढे बसवलेला एनजिनएक्स वेब सर्व्हर तपासतो, आणि दुखणं भलतीकडे. टॉमकॅट १० मध्ये वेबॲप्स-जावाईई नावाचं फोल्डर करून जुनी वॉर त्यात टाकली तर तो स्वतः रूपांतर करून देतो, तात्पुरतं चालवायला चांगलं आहे, पण कायमचं म्हणाल तर कोडच बदललेला बरा.

जावाच्या व्हर्जनचंही असंच, क्लास फाईलवर नंबर असतो, ८ ला ५२, ११ ला ५५, १७ ला ६१. लॅपटॉपवर १७ ने बांधलं आणि सर्व्हरवर ११ असेल तर ६१ आणि ५५ हे दोन्ही आकडे एररमध्येच लिहिलेले असतात, नीट वाचलं की मिनिटात कळतं.

पण मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचंय ते म्हणजे मराठी. आपल्याकडच्या ॲप्समध्ये पावत्या, दाखले, मेसेज मराठीत असतात आणि ते बिघडायच्या जागा बऱ्याच वेळा कोडमध्ये नसतात, पॅकेज बांधताना किंवा चालवताना असतात. विंडोजच्या मशीनवर बिल्ड करताना पॉममध्ये सोर्स एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) यूटीएफ-८ लिहिलेलं नसेल तर मेव्हन एक इशारा देतो की प्लॅटफॉर्मचं एन्कोडिंग वापरतोय, बिल्ड मशीनवर अवलंबून राहील. तो इशारा पिवळ्या रंगात येतो आणि सगळे तो सोडून देतात. तीच तर जागा आहे, कारण जुन्या जावावर कोडमधली मराठी अक्षरं तिथेच मोडतात आणि मोडलेलीच वॉरमध्ये जातात, सर्व्हरवर काहीही केलं तरी परत येत नाहीत. मेसेजच्या प्रॉपर्टीज फाईलचं आणखी वेगळं, जावा ८ पर्यंत त्या लॅटिन-१ (ज्यात देवनागरी नाही असं एन्कोडिंग) समजूनच वाचल्या जायच्या म्हणून देवनागरीचे यूनिकोड कोड लिहावे लागायचे, जावा ९ पासून रिसोर्स बंडल सरळ यूटीएफ-८ वाचतं.

वॉर बरोबर असली तरी सर्व्हरवर एक शेवटचा अडथळा आहे. टॉमकॅट सिस्टिमडीमधून (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) सुरू होतो तेव्हा बरेचदा लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, सेटच नसतं, मग जावा १७ पर्यंत डिफॉल्ट एन्कोडिंग साधं आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचं) होतं, आणि ज्या कोडने एन्कोडिंग न सांगता फाईल लिहिली तिथे नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. जावा १८ पासून डिफॉल्ट यूटीएफ-८ झालं. त्याआधीची जावा वापरणाऱ्यांनी टॉमकॅटच्या बिनमधल्या सेटएन्व्ह फाईलमध्ये फाईल एन्कोडिंग यूटीएफ-८ टाकावं. टाइमझोनही तिथेच टाकून घ्या, सर्व्हर यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागची वेळ) असेल तर रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडते.

माझा आग्रह एवढाच की टेस्ट सर्व्हरवर जी वॉर तपासली तीच फाईल, बाइट न् बाइट तीच, प्रॉडक्शनला गेली पाहिजे. पुन्हा बिल्ड करायचं नाही. टेस्टसाठी एक आणि लाइव्हसाठी एक अशा दोन वॉर बांधणं म्हणजे न तपासलेली फाईल लोकांसमोर ठेवणं. त्यासाठी डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, मेलचं सेटिंग हे सगळं वॉरच्या बाहेर हवं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये नाहीतर टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट फाईलमध्ये. लोकांनी अपलोड केलेले फोटो आणि कागदपत्रं तर अजिबातच ॲपच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, नवीन वॉर आली की टॉमकॅट जुनं उलगडलेलं फोल्डर पुसून टाकतो आणि त्याबरोबर लोकांचे दाखलेही जातात. फाईल तीच आहे का हे बघायला दोन्हीकडे एसएचए-२५६ (फाईलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून जुळवा, आणि मॅनिफेस्टमध्ये (वॉरच्या आतली माहितीची फाईल) गिटचा कमिट नंबर, म्हणजे कोडच्या त्या आवृत्तीची ओळख, टाकायला मेव्हनला सांगून ठेवा, सहा महिन्यांनी कुणी विचारलं की सर्व्हरवर कुठला कोड आहे तर उत्तर वॉरमध्येच सापडतं.

राहिलं फाईल ठेवणं. मोठी वॉर थेट वेबॲप्समध्ये कॉपी करू नका, नेट हळू असेल तर टॉमकॅट अर्धवट आलेली फाईलच उचलतो. त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये पूर्ण येऊ द्या, मग मूव्ह करा, मूव्ह एका झटक्यात होतं. आणि टॉमकॅट ७ पासून नावात दोन हॅश (##) टाकून पुढे ००१, ००२ असं व्हर्जन लिहिता येतं, दोन्ही वॉर एकाच वेळी चालू राहतात, ज्यांचं सेशन (चालू असलेलं काम) जुन्यात आहे ते जुन्यातच काम संपवतात आणि नवीन येणारे ००२ वर जातात. मेमरी दोन्हींना पुरेल एवढी हवी आणि डेटाबेसचे बदल दोन्ही व्हर्जनना चालणारे हवेत. ००२ मध्ये काही बिघडलं तर ती काढून टाकायची, ००१ तिथेच चालू असते.