कळवणचा ळ रोमनमध्ये लिहायचा कसा?

नाशिकहून दिंडोरी, वणी करत पुढे गेलं की कळवण. इंग्रजीत लिहिलेलं नाव वाचणारा मात्र ‘कलवण’च म्हणणार. देवळ्याचं तर थेट ‘देओला’ झालंय. रोमन लिपीत ळ नाही, म्हणून नवंच अक्षर घडवावं असं कुणालाही वाटेल. तो खटाटोप नको.

रोमचा सम्राट क्लॉडियस याने इ.स. ४७ च्या सुमारास तीन अक्षरं आणली. ‘व’साठी डोक्यावर उभा केलेला एफ, इ-उच्या मधल्या उच्चारासाठी अर्धा एच, ‘प्स’-‘ब्स’साठी उलटा सी. त्यातला एफ रोमची हद्द वाढवल्यावर इ.स. ४९ मध्ये रोवलेल्या दगडांवर स्पष्ट कोरलेला दिसतो. इ.स. ५४ मध्ये सम्राट गेला, त्याच्यामागे अक्षरंही गेली. ‘जी’ (G) हा मात्र टिकला. सीलाच छोटी रेघ जोडून तो झाला होता, वाचणाऱ्याची नजर अडली नाही. ‘जे’ (J) आणि ‘यू’ (U) सुद्धा आय आणि व्हीच्या वळणांतूनच सुटे झाले.

म्हणून ळसाठी एलखाली टिंब (ḷ) हाच रस्ता मला पटतो. भारतीय लिप्या रोमनमध्ये लिहिण्याच्या २००१ च्या आयएसओ १५९१९ मानकातही तेच आहे. संस्कृत रोमनमध्ये लिहिण्याच्या आयएएसटी पद्धतीत हेच चिन्ह ऌसाठी वापरतात, तेव्हा एका मजकुरात दोन्ही पद्धती मिसळू नका.

हे अक्षर आणायला वर्डमध्ये त्याचा युनिकोड क्रमांक १ई३७ (1E37) टाइप करून लगेच आल्ट-एक्स दाबा. मोठ्या एलसाठी १ई३६. आकडे आणि ई (E) इंग्रजी कीबोर्डवरूनच घ्या, देवनागरी आकड्यांनी काही होत नाही. साधा एल लिहून त्याला वेगळं टिंब (०३२३) जोडलं तरी दिसतं तसंच, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन चिन्हं. मग गावांच्या यादीत शोधायला गेलं की अर्धी नावं सापडतच नाहीत. यादी आधी एनएफसी रूपात, म्हणजे एल आणि टिंब जोडून एकच चिन्ह होतं त्या युनिकोड रूपात, आणून घ्यावी.

फ्लेक्सवाल्याकडे तो फॉन्ट नसेल तर अक्षराच्या जागी चौकोन उमटतो, नाहीतर तेवढं एकच अक्षर भलत्या फॉन्टात येतं. कोरलड्रॉमधली फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांमध्ये, बदला. ओळींत अंतरही थोडं वाढवा, नाहीतर टिंब खालच्या ओळीच्या डोक्याला चिकटतं आणि लांबून डाग वाटतो. ईमेल पत्ता, बँकेचा फॉर्म, तिकीट इथे मात्र साधा एलच ठेवा.