चटणीचा डबा

मंगळवार, दुपार

डबा अजून ओट्यावरच आहे. उघडवत नाही आणि कपाटातही ठेववत नाही.

गुरुवारी मंडळीतल्या बहिणींची प्रार्थना आमच्याकडे होती. शेवटची प्रार्थना मी केली, मोठ्यानं. "वहिनीला तुझ्या मंदिराची ओढ लाव प्रभू, संसाराच्या मागं लागून ती तुला विसरलीय." सगळ्यांनी आमेन म्हटलं. डोळे उघडले तर उंबऱ्यात भाची, हातात आमचाच डबा. "आईनं चटणी दिलीय आत्या," एवढंच म्हणाली, डबा ठेवला आणि गेली. यंदाची चटणी, डंकावर नंबर लावून कांडून आणलेली. त्यातली पहिली आम्हाला.

वहिनीची रविवारची ड्युटी मला माहीत नव्हती असं नाही. दादा गेल्यापासून तर... असू दे.

पहिले दोन दिवस मला माझीच कीव येत होती. एवढ्या जणींचा चहा कोण करतं, आजाऱ्यांकडे कोण जातं? प्रार्थनाच केली ना, चहाडी तर नाही केली? शनिवारी रात्री कळलं की चहाडीच होती. "प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते" असं म्हणत आमच्यात किती घरांतलं किती घरांत गेलंय! आणि प्रार्थनेतलं कुणाला खोडताही येत नाही. वहिनी तिथं असती तरी मध्येच "असं नाही हो" म्हणाली असती का? निकाल मी दिला आणि साक्षीला देवाला बसवलं.

रविवारी वहिनी मंदिरात आली. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन. मागच्या बाकावर बसली आणि भाकर वाटायच्या आधी उठून गेली. प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करून मगच ही भाकर खावी, असं पौलानं करिंथकरांना लिहिलंय. दर वेळी ऐकते. मी खाल्ली. घशाखाली उतरेना.

तेव्हापासून मत्तयातलं प्रभूचं डोंगरावरचं प्रवचन काढून बसलेय. मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, म्हणजे या गावात हे शब्द पावणेदोनशे वर्षं वाचले जातायत. कुसळ आणि मुसळ तर पाठच. म्हणच झालीय ती, म्हणून टोचत नाही. मी अडकले पाचव्या अध्यायात. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुझ्या मनात नव्हे, भावाच्या मनात. माझा हेतू चांगला होता का, हे प्रभू विचारतच नाही. ती दुखावलीय, तर जा.

आणि मी रोज पहाटे उठून क्षमा मागतेय, देवाकडं. वहिनीचा बावडा काय लांब आहे? केएमटीच्या बसनं जाऊन येता येतं. गुडघे टेकणं सोपं आहे. देव समोर बसून माझ्याकडं बघत नाही, वहिनी बघेल.

प्रभूची प्रार्थना म्हणतानाही आता 'ऋण' या शब्दापाशी थांबायला होतं. लूकमध्ये तिथं 'पाप' आहे, मत्तयात 'ऋण', आणि आम्ही ऋणच म्हणत आलो. पाप मनातल्या मनात मिटवता येईल असं वाटतं. ऋण म्हटलं की ज्याचं देणं आहे त्याचं दार येतं.

आज सकाळी मात्र रडू आलं नाही. माझी जीभ अशीच आहे, एका आठवड्यात बदलायची नाही. परवाच्या गुरुवारीही कुणाचं तरी नाव ओठांवर येईल. तेव्हा गिळायचं, एवढं तरी करता येईल. त्या दिवशी आमेन म्हटलेल्या बहिणींना काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.

वहिनी सातला घरी येते. डब्यात काहीतरी गोड घालून न्यावं, असं मघाशी मनात आलं. रिकामा डबा परत करायचा नसतो. पण डबा नेला तर मी लाडवांबद्दल बोलेन, चटणी छान झालीय म्हणेन आणि चहा पिऊन परत येईन. मला मी ठाऊक आहे. डबा राहू दे ओट्यावर. सहाची बस धरते.