घरातले अण्णा

वडिलांवर लिहायचे म्हटले की आपल्याकडे ठरावीक गोष्टी पुढे येतात: फाटका बनियन, झिजलेल्या चपला, न बोलता सोसलेले कष्ट. त्या खोट्या आहेत असे मला म्हणायचे नाही. आमच्या अण्णांनीही पुष्कळ कष्ट केले. पण अशा लेखनातले वडील बहुतेक वेळा घराबाहेरच असतात, आणि घरात आलेच तर मुलांना धाक म्हणून किंवा अडचणीत आधार म्हणून येतात. मला अण्णांविषयी जो आदर वाटतो, तो मुख्यतः त्यांच्या घरातल्या कामांमुळे आणि ती कामे करण्याच्या त्यांच्या रीतीमुळे.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, भुदरगड तालुक्यातल्या गारगोटी आगारात. त्यांना मुक्कामाची ड्यूटी वरचेवर लागायची. संध्याकाळी निघालेली गाडी रात्री शेवटच्या गावात थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा गाडीतच अंग टाकायचे, आणि पहाटे दुधाचे कॅन, कॉलेजची मुले, बाजाराला आणि दवाखान्याला निघालेली माणसे घेऊन गाडी तालुक्याला परत यायची. तेव्हा तिकिटांची यंत्रे आलेली नव्हती. ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतींचे तिकिटांचे गठ्ठे असत, वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदावर, त्यांचे सुरुवातीचे आणि शेवटचे क्रमांक लिहावे लागत, आणि त्यांतून निघणारी रक्कम पिशवीतल्या पैशांशी जुळवून आगारात भरावी लागे. रक्कम कमी भरली तर ती कंडक्टरच्या खिशातून जाई. हा हिशोब पुरा करून अण्णा दुपारच्या आत घरी येत. आई अंगणवाडी सेविका, त्यामुळे त्या वेळी ती मुलांचा आहार, वजने आणि नोंदवह्या यांत गुंतलेली असे. शेजारपाजारच्या घरांत ज्या वेळी फक्त बायका असत, त्या वेळी आमच्या घरात अण्णा असत. नोकरीने त्यांना ही वेळ दिली हे खरेच, पण तशीच मोकळी दुपार पारावर पत्ते कुटण्यात घालवणारी माणसेही आमच्याच गल्लीत होती.

मुक्कामाच्या गावी स्टोव्हवर रांधायची सवय असल्यामुळे वरणभात, पिठले, अंड्याची आमटी ते सहज करत. भाकरी त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. ती आई पहाटे थापून ठेवी. ज्या आठवड्यात त्यांची दुपारची ड्यूटी असे, त्या आठवड्यात माझी वेणीही तेच घालत. शाळेत दोन वेण्या दुमडून लाल रिबिनीने वर बांधण्याचा नियम होता. अण्णा आधी केसांना तेल चोळत, मग कंगव्याच्या टोकाने कपाळापासून मानेपर्यंत भांग काढत, आणि तो जरा जरी वाकडा झाला तरी सगळे केस पुन्हा मोकळे करून पहिल्यापासून सुरुवात करत. रिबीन तोंडात धरलेली असल्यामुळे ते बोलू शकत नसत. डोके सरळ कर हे सांगायला हनुवटीला एक बोट लावत. आईच्या हातची वेणी संध्याकाळपर्यंत सैल होई, अण्णांची होत नसे, आणि हे आई स्वतःच मैत्रिणींना कौतुकाने सांगे.

आजीच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हाचे दिवस मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडे अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा सुनेने करायची आणि मुलाने डॉक्टरांना भेटायचे, औषधे आणायची, अशी वाटणी गृहीतच धरलेली असते. अण्णांनी पहिल्या दिवसापासून आजीची आंघोळ आणि भांडे देणे ही कामे स्वतःकडे घेतली. आजीला ते फार अवघड वाटले. "आरं, सूनबाईला येऊ दे, तू भाईर जा," असे ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. अण्णांनी तिच्याशी वाद घातला नाही. त्यांनी जुन्या लुगड्याचा एक मोठा तुकडा तिच्या अंगावर पांघरला, आणि त्याखालून हात घालून, एकेका वेळी एकच अवयव उघडा करत, ओल्या फडक्याने अंग पुसले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ते तिला ठरलेल्या वेळी कुशीवर वळवत आणि त्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवत, म्हणजे ते ड्यूटीवर असताना आईला किंवा मला पुढची वेळ कळावी. काही दिवसांनी आजी आम्हां सगळ्यांना सोडून अण्णांच्याच येण्याची वाट पाहू लागली. पुरुषाला हे जमत नाही असे कुणी म्हणाले, तर मला ते कॅलेंडर आठवते.

आईच्या कामाचाही त्यांनी मान राखला. महिनाअखेरीला तिचे अहवाल असत. त्या रात्री अण्णा पट्टी घेऊन तिच्या नोंदवह्यांत रकाने आखून देत. तिच्या मिळकतीला सरकार पगार न म्हणता मानधन म्हणे, पण आमच्या घरच्या वहीत ती रक्कम अण्णांच्या पगाराखालीच, त्याच रकान्यात लिहिली जाई. माझ्या लग्नाच्या याद्या करायची बैठक बसली तेव्हा दोन्हीकडची पुरुषमंडळी सतरंजीवर आणि बायका आत, अशी नेहमीची मांडणी झाली होती. अण्णांनी आईला बाहेर बोलावून आपल्या शेजारी बसवले आणि पाहुण्यांना शांतपणे सांगितले, "खर्चातला अर्धा वाटा हिचा आहे. आकडा ठरवायचा तर हिच्यासमोर ठरवूया." काही वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. बैठक मात्र पुढे नीट पार पडली, आणि आईने दोन अनावश्यक खर्च तिथल्या तिथे कमी करवून घेतले.

त्यांच्या स्वभावात कडकपणाही होता. भावाने शिक्षण सोडायचे ठरवले तेव्हा त्यांनी महिनाभर त्याच्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले होते. ते मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. त्यांच्याविषयी एवढ्या आदराने लिहिताना ते वगळणे मला बरोबर वाटत नाही.

1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार, मुलाच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव येते. भावाला त्यानंतर मुलगी झाली. कागदावर तिचे नाव वाचून अण्णा म्हणाले, "हे आमच्या वेळीच व्हायला पाहिजे होतं." लसीकरणाचे कार्डही त्यांनी लगेच मागून घेतले. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींच्या तारखा काढून त्यांनी भावाला बजावले की पहिल्या दोन वेळी सूनबाईने रजा काढून मुलीला नेले आहे, तिसऱ्या वेळी रजा तू काढायची, आणि रात्री ताप आला तर जागायचेही तूच. भावाने रजा काढली, आणि त्या सकाळी आरोग्य केंद्रातल्या रांगेत अण्णाही त्याच्याबरोबर उभे होते.