पाचाचं बटण

जिल्हा पोलिसांच्या कंट्रोल रूमला मी तेरा वर्षं काढली, त्यातली बरीचशी ‘शंभर नंबर’ची. तेव्हा फोन थेट आमच्याच टेबलावर वाजायचा आणि आम्ही पहिलं विचारायचो, कुठून बोलताय? घाबरलेला माणूस सांगणार, “पाटलाच्या मळ्यामागनं.” जिल्ह्यात पाटील किती! २०२१ मध्ये राज्यात ११२ आला. आता कॉल नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या केंद्रात उचलतात आणि तिथून तो नकाशासकट आमच्या स्क्रीनवर येतो.

त्या दुपारच्या कॉलपुढे नोंद होती: ‘बोलणं नाही. गुरांचे आवाज.’ उलट फोन लावला, कुणी उचलेना. शेजारचा पोरगा म्हणाला, “मॅडम, ब्लँक कॉल. खिशात दाबला गेला असणार.” असे कॉल ढिगानं येतात, त्याचं काही चुकलं नव्हतं. पण खिशातला फोन परत वाजला की माणूस उचलतो, निदान खेकसतो तरी. मी गाडी पाठवली.

नकाशावर दिसत होतं ते भलंमोठं वर्तुळ, आणि त्यात नुसता ऊस. गाडीवरचा हवालदार बांधावर उभा राहून वायरलेसवर म्हणाला, “मॅडम, तुम्ही रिंग देत राहा, मी कानोसा घेतो.” दिली. परत दिली. कितव्यांदा कोण जाणे, तो ओरडला, “वाजतोय! गोठ्यात!”

आजी गव्हाणीपाशी पडल्या होत्या, खुब्याला मार. बटणांचा साधा फोन हातातून निसटून शेणात गेलेला. १०८ ची गाडी बोलावली.

“आजी, पोलिसांना कसा लावलात?”

“म्या कुठं लावला? लेकाला लावत हुते. दिसंना, म्हनून बोटाला ठिपका लागला त्योच दाबून धरला.”

१ जानेवारी २०१७ पासून विकायच्या साध्या मोबाईलवर ५ किंवा ९ दाबून धरलं की आपत्कालीन कॉल लागलाच पाहिजे, असा केंद्राचा नियम. तो आम्हाला पाठ. पाचावर उंचवटा असतो, हे मात्र हवालदारानं सांगितल्यावर मी कपाटातल्या जुन्या फोनवर बोट फिरवून बघितलं.

संध्याकाळी लेकाचा पुण्याहून फोन आला. आभार मानायला असेल म्हणून मीच घेतला.

“मॅडम, आईनं पोलीस कुणावर बोलावले? भावकीतनं तीन फोन आलेत मला.”