खांदेरी बेत: पौर्णिमा रद्द, अष्टमी पक्की

मुंबईच्या गेटवेहून शिडाच्या बोटीने खांदेरी बेटावरच्या किल्ल्याला जाऊन त्याच दिवशी परतायचं, असा हा बेत. मागच्या नोंदीत तारीख जवळपास ठरली होती: पौर्णिमा. दुपारी बाराच्या आसपास पूर्ण भरती, म्हणजे खांदेरीच्या धक्क्याशी भरपूर पाणी आणि उतरणं सोपं. पण परतीचा हिशेब तेव्हा मांडलाच नव्हता. या आठवड्यात तो मांडला आणि सगळा बेत कोलमडला.

कोळीवाड्यातलं जुनं गणित सगळ्यांना पाठ आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला पाणी तळाला, तिथून सव्वाअकरापर्यंत भरती आणि मग संध्याकाळपर्यंत ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर भरतीचा ओढा उत्तरेकडे आणि बंदराच्या आत, ओहोटीचा दक्षिणेकडे. खांदेरी गेटवेच्या दक्षिणेला, सरळ रेषेत सुमारे १३ सागरी मैल. म्हणजे पौर्णिमेला जातानाही ओढा तोंडावर आणि येतानाही तोंडावर, तोसुद्धा उधाणाचा, म्हणजे सर्वांत जोराचा.

आकडे बघा. शिडाची बोट जे-२४ (लांबी ७.३२ मीटर, पाण्याखाली १.२२ मीटर). पहाटेच्या मतलईवर (जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर) तिचा वेग ४ नॉट (ताशी सागरी मैल) धरला आणि उधाणाचा सरासरी ओढा दीड नॉट धरला, तर हाती उरतात अडीच नॉट. १३ मैलांना पाच तासांहून जास्त. मतलई साडेनऊ-दहाला पडते, म्हणजे बोट अर्ध्या वाटेत शीड फडफडवत उभी. परतीला याहून वाईट. वायव्येचा खारा वारा दुपारभर उजवीकडे सरकत उत्तरेकडे जातो आणि आपल्यालाही उत्तरेकडेच यायचं असतं. टॅक मारत, म्हणजे वाऱ्याविरुद्ध नागमोडी, आलं की ५ नॉटमधले जेमतेम साडेतीन घराच्या दिशेने कामी येतात. त्यातून दीड वजा केले की २ नॉट. साडेसहा तास! एकला निघालं तर साडेसात वाजतात, म्हणजे शेवटचा तास अंधारात आणि तोही बंदराच्या तोंडाशी, मोठ्या जहाजांच्या वाटेवर.

यावर आधी तीन-चार उपाय घासून पाहिले. लवकर निघणं, आउटबोर्डवर (बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनावर) जाणं, मांडव्याला मुक्काम करणं. प्रत्येकाने एक बाजू सुटते आणि दुसरी अडते. शेवटी लक्षात आलं की बदलायला हवी ती वेळ नाही, तिथी.

अष्टमीला आठची पाऊणपट सहा. सकाळी सहाला पूर्ण भरती, मग बारापर्यंत ओहोटी आपल्याला दक्षिणेकडे नेते. बाराला पाणी फिरतं आणि सहापर्यंतची भरती घरी आणते. भांगाचे (उधाणाच्या उलट, कमी भरती-ओहोटीचे) दिवस असल्याने ओढा कमी, पाऊण-एक नॉट, पण दोन्ही वेळा पाठीशी. जाताना ४ आणि पाऊण, म्हणजे पावणेतीन तास. परतीला साडेतीन आणि पाऊण, म्हणजे सव्वाचार नॉट. टॅक मारत आलो तरी तीन तासांत गेटवे. साडेसहा तासांचे तीन झाले, केवळ तिथी बदलून! हा आकडा वहीत उतरवला तेव्हाचा आनंद ज्यांनी असे हिशेब केले आहेत त्यांनाच कळेल.

मूळ भीती उतरण्याची होती, कारण अष्टमीला दुपारी पाणी सर्वांत कमी. पण भांगातली ओहोटी उधाणासारखी खोल जात नाही. उधाणाला पाणी नकाशाच्या शून्यापासून (नकाशावरची खोली जिथून मोजतात त्या पातळीपासून) अर्ध्या मीटरवर येतं, भांगात ते दीड-दोन मीटरच्या खाली सहसा जात नाही. डिंगीला (उतरायच्या छोट्या होडीला) एवढं पुरे. पाऊणपटीचं गणित मात्र फक्त अंदाजासाठी. नेमकी वेळ आणि उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यावरूनच घ्या, कारण मुंबईत दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात.

आणखी एक फायदा नंतर सुचला. डोल जाळी (कोळ्यांची समुद्रात एका जागी बांधलेली पिशवीसारखी जाळी) ओढ्यावर चालते, त्यामुळे भांगात समुद्रात डोली कमी असतात. ज्यांनी उधाणाच्या ओढ्यात डोलीचा बोया पाहिला आहे त्यांना याचं मोल कळेल. ओढा चढला की बोया पाण्याखाली ओढला जातो. वर उरते ती एक बारीक, इंग्रजी व्ही आकाराची रेघ आणि कधी तिच्या टोकाशी एक बुडबुडा. जे-२४ चं सुकाणू मागच्या फळीला टांगलेलं, दोरी नेमकी बोट आणि सुकाणूच्या फटीत बसते. अडकलं तर आउटबोर्ड आधी बंद करा आणि वर घ्या. शिडं सोडून बोट ओढ्याबरोबर मागे जाऊ द्या, बऱ्याचदा दोरी आपणहून सुटते. दातेरी सुरी मागच्या कठड्याला बांधलेली असावी, पण ती शेवटचा उपाय. ती दोरी म्हणजे कोणाची तरी रोजी आहे.

सुरुवातीला पौष वद्य अष्टमी धरली होती, पहाटे निघताना डोक्यावर चंद्र असतो म्हणून. हे लिहिता लिहिताच तो विचार बदलला. चंद्राच्या उजेडात बुडालेला बोया तसाही दिसत नाही. उजेड हवा तो उशीर झाला तर संध्याकाळी. म्हणून माघ शुद्ध अष्टमी, रथसप्तमीचा दुसरा दिवस. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो तेव्हा अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो.

म्हणजे पावणेसातला, फटफटताना, दिवे लावून निघायचं. बंदराची मुख्य वाट काटकोनात आणि आउटबोर्डवर ओलांडायची, व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर कान ठेवून. प्राँग्जचं दीपगृह मागे पडलं की खांदेरीचं दीपगृह होकायंत्रावर १७५ ते १८५ अंशांत ठेवायचं. मुंबईत चुंबकीय फरक एक अंशाच्या आतच आहे, त्याची चिंता नको. दीपगृह उजवीकडे सरकायला लागलं तर आपण उंदेरी-थळच्या खडकाळ उथळाकडे चाललो आहोत, बोट लगेच बाहेर, समुद्राकडे काढा. नऊपर्यंत पाण्यातला वेग ३ नॉटच्या खाली गेला तर वाट न पाहता आउटबोर्ड चालू. इंधन १० लिटर, पण ताजं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत महिनाभर पडलं की पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरचं जेट तुंबतं. बंद करताना नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवा.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींच्या माणसांनी खांदेरीवर तटबंदी उभी केली, तेव्हा इंग्रजांची जड जहाजं वेढा घालूनही किनाऱ्यावरून येणाऱ्या छोट्या होड्या रोखू शकली नाहीत. मतलई आणि उथळ पाणी कोणाच्या बाजूने होतं, हे या मार्गाचा हिशेब मांडताना चांगलंच उमगतं.

नांगर बेटाच्या पूर्वेला. नकाशावर ४ मीटर, साडेनऊला त्यावर पाण्याची उंची अडीच मीटर, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची पाऊण मीटर, एकूण सव्वासात. त्याच्या पाचपट, म्हणजे ३६ मीटर सोडायचे: ८ मीटर साखळी, बाकी १२ मिलीमीटर नायलॉन. नायलॉन ससून डॉकच्या मच्छीमारी दुकानातून किलोवर घ्या. यॉटच्या दुकानातल्या चकचकीत दोरापेक्षा तो कुठेही कमी नाही. पॉलिप्रॉपिलीन मात्र नको, ती तरंगते आणि ताण शोषत नाही. शॅकल गरम जस्ताच्या लेपाचेच हवेत, वरवर चमकणारे एका मोसमात गंजतात. तळात खडक असू शकतो म्हणून नांगराच्या डोक्याला १० मीटर बारीक दोरी आणि छोटा बोया. नांगर खडकात अडकला तर त्या दोरीने उलटा ओढून सुटतो.

जिनोआ (पुढचं मोठं शीड) नांगरावर असतानाच उतरवून जिब (पुढचं लहान शीड) चढवायचं, वारा १५ नॉटला पोचायची वाट बघायची नाही. निघायची वेळ बारा, फार तर सव्वाबारा. तोवर वारा पश्चिम-वायव्येला असतो आणि एकाच टॅकवर प्राँग्जपर्यंत येता येतं. दोनला निघालं तर तोच वारा नाकावर आलेला असतो. भरतीचा ओढा वाऱ्याविरुद्ध असल्याने लाटा आखूड आणि उभ्या होतील, पण भांगात त्या सोसण्याजोग्या असतात.

एक गोष्ट अजून राहिली आहे. नांगराच्या जागेचे ४ मीटर फक्त नकाशावरचे आहेत. खोली मोजायची वावाची दोरी तयार आहे, तळाची वाळू चिकटावी म्हणून तिच्या शिशाच्या तळाला चरबी लावलेली. वाळू की खडक, ते पोचल्यावर तिच्यावरूनच ठरेल, आणि खडक निघाला तर नांगर न टाकता एकाने बोट बेटाच्या आडोशाला फिरवत ठेवायची, बाकीच्यांनी आळीपाळीने डिंगीतून उतरायचं.